चढावर धाप लागलेली गाडी
कंदर, केत्तूर, चिखलठाण भागात उजनी धरणाच्या पाण्यावर ऊस फोफावला. उसापासूनही बनणारं इथेनॉल २०२५ मध्ये पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत पोचलं आणि आपल्या जुन्या गाड्यांच्या टाकीत आलं. त्यानं टाकीतला जुना गाळ सुटतो, रबरी पाइप खराब होऊ शकतात. तो गाळ अडकून फिल्टर तुंबला की इंधनाचा दाब पडतो, गाडी चढावर धापा टाकते. अशा वेळी सरसकट इंधनपंप बदलणं मला मुळीच पटत नाही. चावी फिरवल्यावर टाकीतून क्षणभर घूं आवाज आला तर पंपाला करंट मिळतोय. दाब किती, ते गेजच सांगेल. धापेसोबत इंजिनाच्या वरच्या बाजूला टकटकही असेल तर ऑइल आणि टॅपेट तपासा. खालून जड ठोके आले, तर मात्र गाडी तिथंच बंद करा. असे आवाज नसतील, तर पंपावर हजारो रुपये घालण्याआधी फिल्टर बदलून दाब मोजून घ्या.