आयांच्या दुखण्याचा हा बाजार बंद करा

व्हाइटफील्डमध्ये आज एक लूट राजरोस चालली आहे. ती पांढरा कोट घालून चालते, पावती देऊन चालते, म्हणून तिला लूट म्हणायला कोणी धजावत नाही. आम्ही म्हणतो.

पाळी गेल्यानंतर बाईच्या योनीमार्गाला कोरड पडते, आग होते, खाज सुटते, नवऱ्याजवळ जाणे नकोसे होते. लघवीला सारखे पळावे लागते, जळजळते, शिंक आली तरी थेंब गळतात. या सगळ्यावर रामबाण म्हणून बेंगळुरूच्या या आयटी उपनगरात, आणि तितक्याच निर्लज्जपणे पुण्या-मुंबईत, लेसरच्या तीन बैठकांचे पॅकेज विकले जाते. चेहऱ्याचे डाग, डोक्याचे केस, पोटाची चरबी आणि त्याच दरपत्रकावर आईची योनी! काही मिनिटांचे काम, वेदना नाहीत, हार्मोन नाहीत, असे सांगून हजारो रुपये मोजून घेतले जातात. आजवरच्या सर्वांत काटेकोर चाचण्यांत हे किरण खोट्या उपचारापेक्षा सरस ठरलेले नाहीत, हे मात्र सांगितले जात नाही.

यांचे गिऱ्हाईक कोण आहे ते पाहा. सांगलीहून, नाशिकहून, अकोल्याहून एक आई इथे येते. मुलगा-सून दोघेही नोकरीला, नातू लहान, म्हणून ती आपले घर बंद करून अकराव्या मजल्यावर राहायला येते. रात्री चार वेळा उठते आणि पावलांचा आवाज होऊ नये म्हणून भिंतीला धरून चालते. उन्हाळी लागली असेल म्हणून सब्जा भिजवते, धने-जिऱ्याचे पाणी पिते. संध्याकाळी खाली बागेत बाकीच्या आज्या जमतात, तिथे जायचे ती टाळते, कारण परत येताना लिफ्टची वाट पाहण्याइतका दम तिला धरवत नाही. दुखणे अंगावर काढण्यात तिचा जन्म गेला आहे. शेवटी डॉक्टरकडे नेतात तेव्हा शेजारच्या खुर्चीत मुलगा बसलेला असतो आणि डॉक्टरांशी बोलणे हिंदीतून किंवा इंग्रजीतून त्यानेच करायचे असते. जे मराठीतसुद्धा त्याच्यासमोर तोंडातून निघत नाही, ते ती परक्या भाषेत कसे सांगणार? ‘युरिन इन्फेक्शन’ एवढेच निदान होते, अँटिबायोटिकचा कोर्स हातात पडतो आणि महिनाभरात पुन्हा तेच सुरू होते. अशा थकलेल्या, लाजलेल्या बाईपुढे कोणीतरी चकचकीत माहितीपत्रक ठेवते. ती विश्वास ठेवणार नाही तर काय करेल?

आणि तिच्या दुखण्याचे कारण काही गूढ नाही. आपल्या देशात पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी थांबते. अंडाशयातून येणारे इस्ट्रोजेन आटते आणि त्याच्यावर पोसलेले योनीचे अस्तर पातळ पडते. त्या अस्तरातील ग्लायकोजेनवर जगणारे उपकारक जिवाणू कमी होतात, तिथली आम्लता जाते आणि रोगजंतूंना रान मोकळे मिळते. मूत्रमार्ग आणि मूत्राशयाचे तोंड याच इस्ट्रोजेनवर अवलंबून असतात, म्हणून योनीतली कोरड आणि लघवीची जळजळ एकाच मुळातून येतात. पाळी जाण्याच्या काळात येणारे गरम वाफारे काही वर्षांनी बहुधा ओसरतात. हे दुखणे तसे ओसरत नाही, उपचार केला नाही तर वाढत जाते.

उपचार आहे. जुना आहे, तपासलेला आहे आणि स्वस्त आहे. योनीत लावायचे अल्प मात्रेचे इस्ट्रोजेन मलम काही शे रुपयांत मिळते. १९९३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये इस्रायलमधला एक अभ्यास छापून आला. पाळी गेलेल्या आणि वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या स्त्रियांपैकी काहींना इस्ट्रिऑल या इस्ट्रोजेनचे मलम दिले, काहींना औषध नसलेले. बिनऔषधाच्या गटात वर्षाला सरासरी ५.९ वेळा संसर्ग झाला, मलमाच्या गटात ०.५ वेळा. तीस वर्षे उलटून गेली. किती मराठी आयांना त्यांच्या डॉक्टरांनी हे सांगितले?

आता लेसरचा हिशेब ऐका. २०१४ मध्ये मिलानच्या डॉक्टरांनी ५० स्त्रियांवर हा प्रयोग केला आणि गुण आल्याचे जाहीर केले. तुलनेला दुसरा गटच नव्हता. तेवढ्या शिदोरीवर यंत्रे जगभर विकली गेली. ३० जुलै २०१८ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला: या उपकरणांना अशा कामासाठी मान्यता दिलेली नाही, भाजणे, व्रण पडणे, संबंधाच्या वेळी वेदना आणि कायमचे दुखणे अशा तक्रारी आल्या आहेत. सात कंपन्यांना पत्रे गेली. हीच लेसर यंत्रे गर्भाशयमुखातील विकृत पेशी किंवा चामखिळी जाळण्यासाठी मान्य होती. एका कामाचा परवाना दाखवून दुसरेच काम विकायचे, हा या धंद्याचा पाया आहे. मे २०२१ मध्ये ब्रिटनच्या नाइस या संस्थेने बजावले की, हा उपचार संशोधनाबाहेर करू नये. लघवी गळण्यावरच्या लेसरलाही तिने तोच निर्णय लावला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सिडनीची चाचणी ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तिथे काय केले ते नीट समजून घ्या. ९० स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी झाली. बोटाएवढी जाड नळी आत सरकवायची, फिरवत-फिरवत बाहेर काढायची, वाटेत किरणांनी सूक्ष्म ठिपके भाजायचे, म्हणजे अस्तर नव्याने भरून येईल, ही या लेसरची कल्पना. एका गटाला खरे किरण मिळाले. दुसऱ्या गटाला तीच नळी, तेच यंत्र, तेवढ्याच तीन बैठका, फक्त शक्ती इतकी कमी ठेवलेली की काहीच होऊ नये. कोणाला काय मिळाले, हे बायकांना ठाऊक नव्हते. वर्षानंतर शंभराच्या मोजपट्टीवर खऱ्या लेसरवाल्यांचा त्रास १७ अंकांनी उतरला आणि खोट्या लेसरवाल्यांचा जवळपास २७ अंकांनी! हा फरक योगायोगाचा असू शकतो, तो लेसरच्या विरुद्ध धरू नका. पण लेसरच्या बाजूने धरायला इथे काय उरले?

“आमच्या पेशंटना बरे वाटते,” असे यंत्रवाले म्हणतात. वाटत असेल. सिडनीत किरण न मिळालेल्या बायकांनाही बरे वाटले होते. कोणीतरी आपले ऐकून घेतले, तपासले, आशा दिली, याचा तो गुण आहे, आणि त्यासाठी योनी भाजावी लागत नाही. काही लहान चाचण्या लेसरच्या बाजूने लागल्या आहेत, आम्ही त्या लपवत नाही. मलम आणि लेसर यांची तुलना करणाऱ्या ६९ स्त्रियांच्या अमेरिकी चाचणीत सहा महिन्यांनी दोन्ही जवळजवळ सारखे ठरले, हेही मान्य. मग काही शे रुपयांच्या मलमाएवढाच गुण यायचा असेल, तर बाईने हजारो रुपये कशासाठी मोजायचे?

सर्वांत संतापजनक प्रकार पुढेच आहे. स्तनाच्या कर्करोगातून वाचलेल्या स्त्रियांना इस्ट्रोजेन देताना डॉक्टर कचरतात, ते योग्यच आहे. नेमके त्यांनाच गाठून “तुमच्यासाठी हाच एक मार्ग” असे सांगितले जाते. बार्सिलोनात अशाच, हार्मोनविरोधी गोळ्या घेणाऱ्या ८४ स्त्रियांवर खऱ्या आणि खोट्या लेसरची चाचणी झाली. २०२३ मध्ये निकाल आला: दोन्ही गटांत फरक नाही. मरणाच्या दारातून परतलेल्या बाईला खोटी आशा विकणाऱ्याला डॉक्टर म्हणायची आमची तयारी नाही. तिच्यासाठी हार्मोनविरहित मॉइश्चरायझर आहेत, वंगण आहे, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आहेत, आणि तेवढ्याने भागले नाही तर तिच्या कर्करोगतज्ज्ञाशी चर्चा करून पुढचा मार्ग आहे.

मलमाची भीती घालणाऱ्यांचाही समाचार घेतला पाहिजे. २००२ मध्ये अमेरिकेतला हार्मोन गोळ्यांचा मोठा अभ्यास धोके दिसल्यामुळे थांबवला गेला. त्या पोटात घ्यायच्या गोळ्या होत्या, दोन हार्मोनांच्या, आणि त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. योनीत लावायच्या चिमूटभर मलमातून रक्तात फारच थोडे उतरते. तरी दोन दशके तो बागुलबुवा दाखवून बायकांना रडवले. मलम डॉक्टरला विचारूनच लावायचे, आणि पाळी गेल्यावर एक थेंब रक्त दिसले तरी आधी तपासणी करायची, याबद्दल दुमत नाही. पण भीती आणि सावधगिरी यांतला फरक डॉक्टरला कळलाच पाहिजे.

या बाजाराला भांडवल पुरवले ते आपल्या मौनाने. १९२७ साली र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि वाचकांच्या अशाच प्रश्नांना छापील उत्तरे दिली. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तरीही सुशिक्षित मराठी घरातली आई आज हे मुलीजवळसुद्धा बोलत नाही! घरात ज्याला बोल नाही, त्याला बाजारात भाव मिळतो.

आणि ज्यांच्याकडे पैसे नाहीत, त्यांचे काय? बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांची राज्य समितीने पाहणी केली, तेव्हा सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. गर्भाशयासोबत जिची अंडाशयेही गेली, तिची पाळी तिशीतच संपली, कोरड आणि जळजळ तिशीतच आली. फडात पाण्याची सोय नाही, आडोसा नाही. तिच्यापर्यंत मलमाची नळीसुद्धा कोणी पोहोचवत नाही. एकीला गरज नसताना कापायचे, दुसरीला गुण नसताना भाजायचे. दोन्हीकडे बाईच्या ओटीपोटावर कोणीतरी कमावते.

कायदे नाहीत, ही सबब आम्हाला चालणार नाही. लैंगिक सुख वाढवण्याचे दावे करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यात बंदी आहे. डॉक्टरांनी गिऱ्हाईक ओढण्यासाठी जाहिरात करू नये, असे २००२ ची आचारसंहिता सांगते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाख. कर्नाटकात खासगी दवाखान्यांचा स्वतंत्र कायदा २००७ पासून आहे. कर्नाटक वैद्यकीय परिषदेने लेसरच्या या जाहिराती पाहाव्यात आणि नोटिसा काढाव्यात. केंद्रीय औषध नियंत्रकांनी कोणत्या यंत्राला कोणत्या कामासाठी परवाना दिला, ते जाहीर करावे. संशोधनाबाहेर हा उपचार विकायला बंदी घालावी. आणि प्रत्येक स्त्रीरोगतज्ज्ञाने मुलाला क्षणभर बाहेर बसवून त्या आईला स्वतः विचारावे: कोरड पडते का, जळजळते का, किती दिवसांपासून?

ज्या क्लिनिकने या चाचण्यांचे निकाल न सांगता एखाद्या आईकडून पैसे घेतले, त्याने ते परत करावेत. मागूनही देत नसतील तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क एक पैसाही नाही. पावत्या जपून ठेवा.