आज्ञाचक्र : साधना की तमाशा?

मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि त्याच्याकडून पुस्तक वाचून घ्यायचे, असे प्रयोग गेल्या दीड दशकात आपल्या देशातील अनेक शहरांत झाले. ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’ हे त्याचे व्यापारी नाव. पालकांच्या मनाला भिडतो तो मात्र ‘तिसरा डोळा’ हा ओळखीचा शब्द. मूल नाकाजवळच्या फटीतून खाली पाहते, हे तपासणी करणाऱ्यांनी वारंवार दाखवून दिले आहे. पालकांचे हजारो रुपये जातातच. पण त्याहून मोठी हानी ही, की ते मूल कौतुकापोटी खोटे बोलायला शिकते. आणि हे योगाच्या नावाने चालते, म्हणून त्याचा समाचार घेण्याचे दायित्व योगपरंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्यावर प्रथम येते.

परंपरा काय सांगते? पूर्णानंद यतींनी १५७७ साली रचलेल्या ‘षट्चक्रनिरूपण’ या ग्रंथात भ्रूमध्यातील हे चक्र दोन दलांचे, चंद्राप्रमाणे शुभ्र आणि मनाचे स्थान म्हणून वर्णिले आहे. गुरूची आज्ञा साधकाला तेथे मिळते, म्हणून ते आज्ञाचक्र. शिवाच्या तृतीय नेत्राने मदनाला भस्म केले. चमत्कार दाखवून टाळ्या मिळवल्या नाहीत. सिद्धी या समाधीच्या वाटेवरील विघ्ने होत, हे पतंजलींनी योगसूत्रांत स्पष्टच बजावले आहे.

मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९३२ मध्ये झुरिच येथे कुंडलिनीयोगावर व्याख्याने दिली. चक्रे म्हणजे शरीरातील अवयव नव्हेत, तर जाणिवेच्या विकासाची प्रतीके, अशी त्यांची मांडणी होती. पाश्चात्त्यांनी योगाचे अंधानुकरण करू नये, असा इशाराही त्यांनी दिला. आपण मात्र आज्ञाचक्र म्हणजेच पीनियल ग्रंथी, असे सांगून विज्ञानाचे प्रमाणपत्र मिळवू पाहतो. ही ग्रंथी मेलाटोनिन स्रवते आणि झोप-जागृतीचे चक्र राखण्यास साहाय्य करते, हे सिद्ध आहे. तिला तिसरा डोळा ठरवणारे समीकरण एकोणिसाव्या शतकातील थिऑसॉफिस्टांनी रूढ केले. ते आपल्या प्राचीन ग्रंथांतील नव्हे. अशा उसन्या आधाराची आपल्या परंपरेला आवश्यकता नाही.

मुलांना प्राणायाम शिकवावा, काही क्षण शांत बसण्याची गोडी लावावी. चंचल मन आपल्या आज्ञेत राहू लागणे, ही साधनेची पहिली पायरी आहे. ती दोन दिवसांच्या शिबिरात विकत मिळत नाही. मुलांच्या डोळ्यांवरील पट्टी काढण्यापूर्वी पालकांनी स्वतःच्या डोळ्यांवरील काढावी, हे इष्ट.