गेटच्या आत एक दिवस, गेटबाहेर वर्षभर

कॉलेजच्या आवारात स्थानिक विक्रेत्यांचा मेळा भरतो, तेव्हा पोरापोरींची मजा असते आणि ती असावीच. पोपटीचं मडकं उघडलं की भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास सुटतो. तांदळाची भाकरी, वालाच्या शेंगा, सुका जवळा, बोंबील, शहाळी, विणलेल्या टोपल्या असं सगळं एका मैदानात मांडलेलं असतं. आंबेडकरी माणसाला आनंदाचं वावडं नाही. पण या आनंदाची किंमत कोण मोजतं, हे विचारायची सवय बाबासाहेबांनी आम्हाला लावली आहे.

हा प्रश्न काशीदमध्ये उभं राहून विचारला, तर लवकर कळतो. अलिबाग-मुरूड रस्त्यावरचं हे गाव किनाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते आणि कडेला टोपली घेऊन बाया बसतात. कॉलेजच्या मेळ्यात यांच्यासारख्याच बायांना ‘स्थानिक उद्योजिका’ म्हणून गुलाबाचं फूल मिळतं. दुसऱ्या दिवशी त्याच गेटबाहेर टोपली ठेवली, तर वॉचमन म्हणतो, “ए, उठ इथून.” एका दिवसात ती उद्योजिकेची अतिक्रमण कशी झाली? तिचा माल तोच आहे आणि कष्टही तेच आहेत. बदलली आहे ती फक्त परवानगी, आणि ती देणाऱ्याच्या हातात आहे.

“प्रत्येक गोष्टीत तुम्हाला जात दिसते,” असं आम्हाला सुनावलं जातं. बाजारात जात नसती, तर दिसली नसती. अस्पृश्याला व्यापार करता येत नाही, कारण त्याच्याकडे भांडवल नाही. आणि भांडवल असलं तरी त्याच्याकडून कोणी विकत घेणार नाही, हे बाबासाहेबांनी स्पष्ट मांडलं होतं. आपल्याच जिल्ह्यातलं महाड आठवा. मार्च 1927 च्या परिषदेसाठी 40 रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. डिसेंबरच्या परिषदेवेळी तर गावातल्या व्यापाऱ्यांनी माल विकायलाच नकार दिला आणि धान्यधुन्य बाहेरून आणावं लागलं. कॉलेजही यातून सुटलं नव्हतं. 1918 मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा त्यांनी प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातलं पाणी घेण्यावर काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती.

म्हणूनच आज एखाद्या बौद्ध किंवा कातकरी बाईने आपल्या हाताने थापलेली भाकरी कॉलेजातली सगळी पोरं रांग लावून खात असतील, तर ती नुसती मजा नाही. ती समतेच्या दिशेने टाकलेली एक पायरी आहे. पण खरंच तसं घडतं का? मी पाहिलेल्या बऱ्याच मेळ्यांत स्टॉलची रचनाच बोलते. पुढे पापड-लोणची आणि मोदक, मागे कोपऱ्यात टोपल्या आणि केरसुण्या. सुक्या मासळीला “वास येतो” म्हणून गेटजवळची जागा. शिजवलेलं अन्न कोणी विकायचं आणि झाडू कोणी विकायचा, हे ठरवणारी मनुस्मृती महाडला जाळून जवळपास शंभर वर्षं होत आली, तरी स्टॉलच्या नकाशात ती शिल्लक आहे.

आता कायद्याचं पाहू. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण देणारा कायदा 2014 मध्ये झाला. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावेत, त्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात आणि अनुसूचित जाती-जमातींना योग्य प्रतिनिधित्व मिळावं, असं तो सांगतो. पण हा कायदा नगरपालिका, नगरपंचायत अशा शहरी संस्थांसाठी आहे. मुरूडला नगरपरिषद आहे, काशीदला ग्रामपंचायत. म्हणजे जिथे पर्यटकांचा पैसा येतो, तिथली टोपलीवाली या संरक्षणाच्या बाहेरच राहते. तिच्यासाठी ग्रामसभेनेच जागा ठरवून ठराव करायला हवा.

“कॉलेज म्हणजे काही बाजार नव्हे,” असं प्राचार्य म्हणतील. मान्य. पण कँटीनचा ठेका दिला जातो, झेरॉक्सचं दुकान आत असतं, महोत्सवाला मोठ्या कंपन्यांचे फलक लागतात. तेव्हा बाजार चालतो, मग टोपलीच का खुपते? आठवड्यातून एक दिवस विनाशुल्क ठरलेली जागा द्या. स्टॉल चिठ्ठ्या टाकून वाटा. मासळीला कोपरा दाखवू नका. नव्या शैक्षणिक धोरणानुसार विद्यार्थ्यांना क्षेत्र प्रकल्प करायचाच असतो. मग त्यांनी या विक्रेत्यांची नोंद घ्यावी. भांडवल कुठून येतं, व्याज किती जातं, हाकलतं कोण, हे लिहून काढावं. समाजशास्त्राचा याहून चांगला धडा कुठल्या पुस्तकात सापडणार? नाहीतर मेळा फक्त नॅकच्या फाईलमधला फोटो उरेल.

मित्रांनो, मेळ्याला जरूर जा. पोटभर खा, भाव न पाडता घ्या. आणि निघताना आयोजकांना एवढंच विचारा: “या ताई उद्या कुठे बसणार?” या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणं, हे शिकलेल्या माणसाचं काम आहे.

जय भीम!