पुरलेलें रहस्य आणि वाचकाची घाई

आमच्या साहित्यक्षेत्रांत कांहीं शब्द असे आहेत कीं, ते एखाद्या पुस्तकाच्या कपाळीं चिकटवले म्हणजे त्या पुस्तकाची आणखी चौकशी करण्याचें कारण कोणास वाटत नाहीं. 'रहस्यप्रधान' हा त्यांपैकीं एक. ज्या कादंबरीच्या पहिल्या प्रकरणांत जुन्या वाड्याच्या तळघरांत हाडें सांपडतात आणि शेवटच्या प्रकरणांत तीं कोणाचीं हें कळतें, ती आगगाडींत वाचावी, घरीं आणल्यास उशाखालीं ठेवावी व चारचौघांत तिचें नांव काढूं नये, असा शिष्टाचार सुशिक्षितांत रूढ झाला आहे. आम्ही बरींच वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलों आहों. ज्यांच्या टेबलावर भारदस्त टीकाग्रंथ मांडलेले दिसतात, त्यांच्याच पिशवींत हीं पुस्तकें असतात, हें आम्हांस पक्कें ठाऊक आहे. चोरून वाचण्याबद्दल आमची तक्रार नाहीं. चोरून वाचून उघडपणें नाक मुरडण्याबद्दल आहे. या दुटप्पीपणामुळें एक संबंध वाङ्मयप्रकार टीकेवांचून पडीक राहिला, आणि पडीक जमिनींत काय माजतें हें कोणा शेतकऱ्यास विचारावयास नको.

पहिला आक्षेप असा कीं, हा प्रकार केवळ कुतूहलावर जगतो आणि कुतूहल ही हलकी वृत्ति आहे. या आक्षेपकांस आम्ही महाभारताची आठवण करून देतों. कर्णाच्या जन्माएवढें खोल पुरलेलें रहस्य दुसऱ्या कोणत्या कथेंत आहे? कुंतीनें तें पेटींत घालून नदींत सोडलें. उद्योगपर्वांत कृष्ण तें कर्णास सांगतो. तर कर्ण उलट कृष्णासच विनवितो कीं, हें युधिष्ठिरास कळूं देऊं नको, कारण कळलें तर तो राज्य घेणार नाहीं. पुढें युद्ध होतें, कर्ण पडतो, आणि मृतांस जलांजलि देण्याची वेळ येते तेव्हां कुंती तोंड उघडते. ज्यास मारलें तो आपला थोरला भाऊ होता, हें पांडवांस कळतें तें अशा वेळीं. युधिष्ठिर संतापून समस्त स्त्रीजातीस शाप देतो कीं, त्यांच्या पोटीं गुपित राहणार नाहीं. हा शाप अन्यायाचा आहे, हें कोणीही कबूल करील. पण त्या संतापाची जळजळ खोटी नाहीं.

वाचकास हें रहस्य आरंभापासून ठाऊक असतें. तरीही तो श्वास रोखून वाचतो. याचा अर्थ उघड आहे. 'काय लपविलें' एवढ्यावर उत्कंठा उभी नसते. लपविल्याची किंमत कोण देणार आणि कळेल तेव्हां उशीर झालेला असेल काय, यावर ती उभी असते. सोफोक्लिसच्या ईडिपस राजाचें नाटक याच जातीचें आहे. तेथें अपराध्याचा शोध करणारा आणि अपराधी हे एकच. हें कुतूहल हलकें ठरवावयाचें असेल, तर मग भारदस्त म्हणून कपाटांत काय ठेवणार, हें आक्षेपकांनींच सांगावें.

'पण तें महाकाव्य आणि तें नाटक. बाजारी कादंबऱ्यांशीं त्यांचा संबंध काय?' असें विचारलें जाईल. संबंध दाखविण्यासाठीं आम्ही मुद्दाम बाजारांतलेंच उदाहरण घेतों. विल्की कॉलिन्सची 'द वूमन इन व्हाइट' ही कादंबरी १८५९-६० सालीं डिकन्सच्या 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकांत क्रमशः प्रसिद्ध झाली. अशा कादंबऱ्यांची इंग्लंडांत लाट आली, तेव्हां १८६३ सालीं 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'मध्यें हेन्री मॅन्सेल या तत्त्वज्ञ धर्मपंडितानें त्यांच्यावर आग पाखडली. त्याच्या मतें मासिकें, फिरतीं वाचनालयें आणि रेल्वेस्टेशनावरील पुस्तकांचे ठेले यांनीं हा रोग पसरविला; हीं पुस्तकें वाचकाच्या बुद्धीशीं न बोलतां त्याच्या मज्जातंतूंशीं बोलतात. हाच आरोप आमचे टीकाकार आजही करतात. मॅन्सेलचें नांव मात्र ते घेत नाहींत.

आतां त्या कादंबरींत पुरलेलें काय होतें तें पाहूं. एका श्रीमंत तरुणीचें लग्न होतें. लग्नाच्या करारांत अशी तरतूद असते कीं, ती निपुत्रिक मेली तर तिचे वीस हजार पौंड नवऱ्यास मिळावे. मग तिच्यासारखी दिसणारी एक दुर्दैवी बाई मरते, तेव्हां तिला या तरुणीच्या नांवानें पुरतात आणि तरुणीला त्या बाईच्या नांवानें वेड्यांच्या इस्पितळांत कोंडतात. थडग्यावर तिचें नांव आणि ती जिवंत! नवऱ्याचें स्वतःचें रहस्य तर याहून साधें: त्याच्या आईबापांचें लग्नच झालेलें नव्हतें, आणि सरदारकी टिकविण्यासाठीं त्यानें चर्चच्या नोंदवहींत खोटी नोंद घुसडलेली असते. त्या वहीची दुसरी प्रत अन्यत्र असते, व तींत ती नोंद नसते. विवाहित स्त्रीच्या मिळकतीसंबंधींचे कायदे इंग्लंडांत १८७० व १८८२ सालीं झाले, हें ध्यानांत घेतलें म्हणजे वाचकांचे मज्जातंतू कशानें थरारले हें समजतें. बायकोचें अस्तित्वच पुसतां येईल अशी सोय ज्या व्यवस्थेंत होती, तिचा तो थरार होता. तो मॅन्सेलला दिसला नाहीं, कारण त्याचें सारें लक्ष ठेल्याकडे होतें.

कॉलिन्सची 'द मूनस्टोन' ही १८६८ ची कादंबरी तर आम्हां हिंदी वाचकांस विशेष जवळची वाटावी. तिचा आरंभ १७९९ सालीं श्रीरंगपट्टणच्या पाडावांत होतो. एक इंग्रज अधिकारी तीन हिंदी रक्षकांचे खून करून देवाचा हिरा लुटतो. तो हिरा पुढें इंग्लंडांतील एका सुखवस्तु घरांतून रातोरात नाहींसा होतो, आणि घरांतील एक तरुण मोठ्या उत्साहानें चोराच्या मागें लागतो. चोराच्या अंगावरील वस्त्रास ओल्या रंगाचा डाग लागला असला पाहिजे, हा पुरावा. तें वस्त्र अखेरीस सांपडतें, आणि त्यावर नांव असतें तें शोध करणाऱ्याचेंच! अफूच्या अमलाखालीं, नकळत, त्यानेंच तो उचललेला असतो. शेवटीं हिरा सोमनाथास देवाच्या मस्तकीं परत जातो. १८५७ नंतर अवघ्या अकरा वर्षांनीं, इंग्रज वाचकांच्या हातीं त्यांच्याच भाषेंत, 'चोर शोधूं जातां आपलेंच नांव सांपडेल' अशी कथा एका लोकप्रिय लेखकानें ठेवली. तिच्यांतील शेवट आम्हीं येथें फोडला म्हणून कोणी रागावेल, तर आमचें उत्तर एवढेंच कीं, रहस्य कळल्यानें जी कादंबरी मरते ती आधींच मेलेली असते. 'मूनस्टोन' दुसऱ्यांदा वाचतांना अधिक चांगली लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अमेरिकन टीकाकार एडमंड विल्सन यानें १९४४-४५ सालीं 'न्यूयॉर्कर'मध्यें डिटेक्टिव्ह कथांचा समाचार घेतला व त्यांच्या वाचनाचें व्यसन शब्दकोडीं आणि धूम्रपान यांच्या पंक्तीस बसविलें. खून कोणी केला याची कोणास पर्वा, असा त्याचा सवाल. कोडें म्हणून रचलेल्या कथांपुरता हा सवाल आम्हांस मान्य आहे. त्यांत मेलेला माणूस सोंगटीपेक्षां अधिक नसतो. पण विल्सननें एकाच दांडक्यानें सर्वांस झोडपलें. ज्या अगाथा ख्रिस्तीच्या कादंबरीचें नांव त्यानें आपल्या लेखाच्या मथळ्यांत घेतलें, तिचेंच 'फाइव्ह लिटल पिग्ज' हें १९४२ चें पुस्तक पाहावें. एक चित्रकार विषानें मेला, बायकोस शिक्षा झाली, ती तुरुंगांत वारली. सोळा वर्षांनीं मुलगी विचारते कीं, माझी आई खरोखर खुनी होती काय? बोटांचे ठसे नाहींत, ताजें प्रेत नाहीं. आहेत फक्त पांच माणसांच्या आठवणी, आणि प्रत्येकाची आठवण त्याच्या सोयीप्रमाणें वळलेली. येथें पर्वा कोणास, या सवालाचें उत्तर सोपें आहे: त्या मुलीस. तिचें लग्न, तिचें नांव, तिचा स्वतःविषयींचा विश्वास त्या उत्तरावर टांगलेला आहे.

येथवर आम्ही या प्रकाराची वकिली केली. आतां त्याच्या आजच्या व्यापाऱ्यांस दोन शब्द सुनावणें भाग आहे. वेग हा दोष नव्हे. 'मूनस्टोन'लाही वेग आहे. पण तेथील वेग पुराव्याच्या ओढीनें येतो: साक्षीदार एकामागून एक येऊन आपापल्या डोळ्यांनीं पाहिलें तेवढेंच सांगतात, आणि वाचक न्यायाधीश होतो. आजच्या धांवत्या कादंबरींत वेग हा पुरावा पाहूं न देण्याचा उपाय झाला आहे. डॅन ब्राउन याची २००३ ची 'द दा विंची कोड' घ्या. शंभरांहून अधिक प्रकरणें, कांहीं तर दोनतीन पानांचीं. बहुतेक सारी कथा एका रात्रींत व दुसऱ्या दिवसांत उरकलेली. आणि प्रकरणाचा शेवट असा कीं, पान उलटल्यावांचून सुटका नाहीं. त्यांतील रहस्य दोन हजार वर्षें पुरलेलें! पुस्तकाच्या आरंभींच एक पान वस्तुस्थितीचें म्हणून दिलें आहे, आणि १०९९ सालीं स्थापन झालेली एक गुप्त संस्था खरी आहे असें त्यांत छातीठोकपणें सांगितलें आहे. वास्तविक त्या नांवाची संस्था फ्रान्समध्यें १९५६ सालीं नोंदली गेली, आणि तिला प्राचीनत्व देणारे कागद १९६० नंतरच्या दशकांत पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत नेऊन ठेवलेले होते. ते बनावट होते. कॉलिन्सच्या खलपुरुषानें नोंदवहींत खोटी नोंद घुसडली, आणि कादंबरीनें ती पकडली. येथें खोटी नोंद कादंबरीनेंच खरी म्हणून पुढें केली. दोन्ही पुस्तकें 'रहस्यप्रधान'च. पण एकानें वाचकास नोंद तपासावयास शिकविलें, दुसऱ्यानें पान उलटावयास.

हा फरक केवळ कलेचा असता तर आम्ही एवढी शाई खर्चिली नसती. 'हें तुमच्यापासून दडवून ठेवलें गेलें' या एका वाक्यावर आज आमच्या लोकांचा केवढा विश्वास बसतो, हें ज्याच्या खिशांत मोबाइल आहे त्यास सांगावें लागत नाहीं. दडविलेला इतिहास रोज सकाळीं चहाबरोबर घरपोंच येतो. त्यास सन नाहीं, कागद नाहीं, सांगणाऱ्याचें नांव नाहीं. दडविलें होतें, एवढाच त्याच्या खरेपणाचा पुरावा! हा वाचक आकाशांतून पडलेला नाहीं. पान उलटण्याची सवय ज्यास लागली आणि मागचें पान पुन्हां पाहण्याची लागली नाहीं, तोच हा. उलट खरोखर गाडलें गेलेलें सत्य कसें वर येतें याचें उदाहरण आमच्याच घरांत आहे. संभाजीमहाराजांची बखरींनीं आणि नाटकांनीं रंगविलेली प्रतिमा पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. वा. सी. बेंद्रे यांनीं कित्येक दशकें कागद धुंडाळून १९६० सालीं त्यांचें चरित्र प्रसिद्ध केलें आणि ती प्रतिमा बदलली. ती एका रात्रींत बदलली नाहीं; प्रत्येक विधानास कागद मागत मागत बदलली.

मग उपाय कोणता? कांहीं सज्जन म्हणतील, हीं पुस्तकें वाचूंच नयेत. हा उपाय मॅन्सेलनें करून पाहिला; कॉलिन्स आजही वाचला जातो. आमच्याकडेही रेनॉल्ड्सच्या अनुवादांपासून गो. ना. दातारशास्त्री यांच्या 'कालिकामूर्ती'पर्यंत आणि तेथून हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांपर्यंत वाचकांनीं हा प्रकार सोडला नाहीं. अर्नाळकरांच्या पुस्तकांची संख्या सर्वांच्या तोंडीं आहे. त्यांतील चांगलें कोणतें आणि वाईट कोणतें, हें सांगण्याचे कष्ट मात्र आमच्या टीकेनें फारसे घेतले नाहींत. मग वाचक बिचारा वेष्टनावरील चित्र पाहून निवड करतो, आणि आम्ही त्याच्या अभिरुचीच्या नांवानें बोटें मोडतों. ज्या न्यायालयानें खटला चालविण्याचेंच नाकारलें, त्यास शिक्षा सांगण्याचा अधिकार कोणी दिला?

आमची मागणी साधी आहे. परीक्षणाच्या पानांवर रहस्यकथांस जागा द्यावी, आणि परीक्षण करतांना तीन गोष्टी पाहाव्या. लेखकानें पुरावा वाचकासमोर ठेवला आहे काय, कीं शेवटच्या क्षणीं बाहींतून काढला? लपविल्याची किंमत कथेंत कोणा जिवंत माणसानें मोजली आहे काय? आणि रहस्य कळल्यानंतर पहिलें पान पुन्हां उघडावेंसें वाटतें काय? या तीन परीक्षांस उतरेल तें पुस्तक कितीही धांवतें असो, महाविद्यालयाच्या वाचनालयांत राजरोस ठेवण्यास आमची हरकत नाहीं. जें उतरणार नाहीं तें कां उतरत नाहीं, हें नांवनिशीवार छापावें. वाचकांसही आमची एक विनंती आहे. शेवटचीं पन्नास पानें उरलीं म्हणजे पुस्तक मिटावें, रात्रभर ठेवावें, आणि आतांपर्यंत आपणांस नक्की काय ठाऊक झालें व तें कोणी सांगितलें, याचा मनाशीं हिशेब करावा. ज्या पुस्तकास हा खंड सोसतो तें पुढें वाचावें. ज्यास सोसत नाहीं, त्यांतील उरलेल्या पन्नास पानांत कांहीं पुरलेलें असेल ही आशा सोडावी.