काकांचं ‘नऱ्हे’ कुठं हरवलं?

संगणकशेजार

विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. त्यानंतरचे बरेच रविवार मी पुण्यातल्या धायरीतच, रायकर मळ्याच्या बाजूला, लोकांच्या घरी त्यांच्या जुन्या संगणकांपुढे बसून काढले. यंत्रं धडधाकट आहेत, फक्त विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. मग मुख्य वाटा दोन उरतात. नवं यंत्र घ्यायचं, नाहीतर याच यंत्रावर लिनक्स टाकायचं.

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका नऱ्ह्यातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये तीसेक वर्षं टर्नर होते. लिनक्स म्हणजे काय हे मी सांगत होतो तेव्हा त्यांनी व्हायरसबद्दल विचारलं नाही, छपाईबद्दलही नाही. त्यांचा प्रश्न एकच होता. “अरे, ते सगळं खरं. पण माझा संत्र्याचा प्लेअर तिकडं चालंल का?”

संत्र्याचा प्लेअर म्हणजे क्लेमेंटाइन. त्याच्या चिन्हात संत्र्याची फोड आहे, म्हणून काकांनी ठेवलेलं हे नाव. त्यांच्या जावयानं तो कधीतरी विंडोजवर बसवून दिला होता आणि त्यात काकांचं अर्धं आयुष्य जमा झालं होतं. कॅसेटवरून उतरवलेलं गीतरामायण, नाट्यपदं, पु. लं.च्या ध्वनिफिती. त्याहून मोलाचं म्हणजे नव्वदच्या दशकात त्यांनी स्वतःच्या टेपरेकॉर्डरवर धरलेली कीर्तनं, काही धारेश्वराच्या देवळातली, काही नऱ्ह्यातली. हातानं रचलेल्या याद्या, प्रत्येक कीर्तनाला बुवांचं नाव आणि तिथी.

मी म्हटलं, “चालेल काका. तोच प्लेअर तिकडेही आहे.” काकांनी मान डोलावली आणि काम सुरू झालं.

‘तोच प्लेअर तिकडेही आहे’ हे तीन सेकंदांत उच्चारता येणारं वाक्य खरं होण्यासाठी किती वर्षं आणि किती माणसं खर्ची पडली, ते सांगण्यासारखं आहे. २००३ मध्ये मार्क क्रेचमन या जर्मन प्रोग्रामरनं अमारोक नावाचा प्लेअर लिहायला घेतला. तो लिनक्ससाठी होता, केडीई या मुक्तस्रोत परिवारातला. त्याची १.४ ही आवृत्ती लोकांना फार आवडली. डाव्या बाजूला गाण्यांचं कपाट, उजवीकडे वाजणारी यादी, मधे काही लुडबुड नाही. पण ती विंडोजवर नेणं अवघड होतं, कारण ज्या क्यूटी या सामग्रीवर ती उभी होती, तिची तेव्हाची आवृत्ती विंडोजसाठी मुक्त परवान्याखाली मिळतच नव्हती. नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीनं जून २००५ मध्ये क्यूटी ४ आणली आणि विंडोजसाठीही जीपीएल हा मुक्त परवाना दिला, तेव्हा कुठे दार उघडलं.

डिसेंबर २००८ मध्ये अमारोक २ आला. त्याची मांडणी मुळापासून बदललेली होती आणि जुन्या ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळजण नाराज झाले. बंद सॉफ्टवेअर असतं तर नाराजी तिथंच संपली असती. इथं तसं झालं नाही. काहीजणांनी १.४ चा कोड घेतला, क्यूटी ४ वर नव्यानं बसवला आणि २०१० मध्ये क्लेमेंटाइन म्हणून बाहेर काढला. तो लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्हींवर चालू लागला. पुढे क्लेमेंटाइनचं काम मंदावलं, तेव्हा २०१८ मध्ये त्याच्याच कोडमधून स्ट्रॉबेरी निघाला. एका प्लेअरच्या कोडला असे तीन जन्म मिळाले, कारण कोड कुणाच्या तिजोरीत नव्हता.

विनॲम्पचं उलट झालं. १९९७ पासून सायबर कॅफेत आणि घराघरांत वाजणारा हा प्लेअर पिढीभर लोकांचा लाडका होता, पण एका मालकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात राहिला आणि थिजला. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचा सोर्स कोड प्रसिद्ध झाला खरा, पण सुधारलेली आवृत्ती वाटायला परवान्यात मनाई होती. महिन्याभरात तो कोड तिथून काढूनही टाकला गेला. कोड नुसता दिसून भागत नाही. तो उचलून दुसरीकडे नेण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क लागतो.

एका सिस्टीमवरचा प्लेअर दुसरीवर नेणं म्हणजे नेमकं काय, हे काकांना समजावताना मला त्यांच्याच कामाचा आधार मिळाला. “आटे वेगळे असणार,” ते म्हणाले, “बोल्ट तोच, पण समोरचा नट दुसऱ्या आट्याचा.” अगदी तसंच. एमपी३ उलगडणारा भाग, गाण्यांची नोंदवही सांभाळणारा भाग, हे सगळीकडे जवळपास तेच राहतात. पण आवाज स्पीकरपर्यंत पोचवण्याचा रस्ता लिनक्सवर पल्सऑडिओ किंवा पाइपवायर, विंडोजवर वासापी, मॅकवर कोअरऑडिओ, अँड्रॉइडवर आणखी निराळा. फोल्डरच्या पत्त्यातली तिरपी रेघ विंडोजवर एकीकडे झुकते, लिनक्सवर दुसरीकडे. लिनक्सला रोमन लिपीतलं लहान-मोठं अक्षर वेगळं दिसतं, विंडोजला सहसा नाही. प्रत्येक ठिकाणी नवा आटा कापावा लागतो आणि समोरची सिस्टीम बदलली की पुन्हा कापावा लागतो.

कधी अडचण आट्याची नसते, कायद्याची असते. व्हीएलसी हा पॅरिसच्या एकोल सांत्राल या संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून १९९६ मध्ये उगवलेला आणि २००१ मध्ये जीपीएलखाली आलेला प्लेअर. तो आयफोनवर पोचला, पण ॲपलच्या दुकानाच्या अटी आणि जीपीएल यांचं जुळेना, म्हणून जानेवारी २०११ मध्ये तिथून उतरवला गेला. मग शेकडो योगदात्यांना गाठून, त्यांची संमती घेऊन गाभ्याचा परवाना बदलला आणि २०१३ मध्ये तो परत आला. आपल्याकडे तर २०२२ मध्ये व्हीएलसीचं संकेतस्थळच अनेक महिने बंद होतं. व्हीएलसी सांभाळणाऱ्या व्हिडिओलॅननं इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीनं कायदेशीर नोटीस दिली आणि नोव्हेंबरमध्ये ते उघडलं. पैशाचा भागही आहे. ॲपलच्या दुकानात फुकट ॲप ठेवायचं तरी सर्वसाधारण विकसकाला वर्षाला ९९ डॉलर मोजावे लागतात.

मुक्त सॉफ्टवेअरच्या गोटात एक जुना आक्षेप आहे. विंडोजवर सगळं चांगलं आयतं नेऊन दिलंत, तर माणूस विंडोज सोडेल कशाला? मला हा आक्षेप चुकीचा वाटतो आणि त्याला माझा पुरावा म्हणजे काका. ते लिनक्सकडे तत्त्वासाठी आले नाहीत. त्यांचं कपाट आधीच एका मुक्त प्लेअरमध्ये लागलेलं होतं म्हणून ते निर्धास्तपणे आले. विंडोजवर क्लेमेंटाइन नसता, तर काकांच्या याद्या एखाद्या अशा प्लेअरमध्ये असत्या जो तिकडे येतच नाही. मग त्यांनी नवा संगणक घेतला असता किंवा गाणी ऐकणं सोडलं असतं. प्लेअर आधी पलीकडे जायला हवा, माणूस मागून येतो.

‘आता कोण फायली ऐकतं, सगळं फोनवर मिळतं’ असंही कुणी म्हणेल. मिळतं ते कंपनीकडे असेपर्यंत. एअरटेलनं विंक ही संगीतसेवा २०२४ मध्ये गुंडाळायचं ठरवलं, तेव्हा लोकांनी तिथं रचलेल्या याद्यांचं महत्त्व किती होतं हे ज्याचं त्याला कळलं. आणि नऱ्ह्यातलं नव्वदच्या दशकातलं कीर्तन कुठल्याही सेवेवर नव्हतं, पुढेही येणार नाही. ते काकांच्या हार्ड डिस्कवर आहे, बस्स.

आता मूळ गोष्टीकडे. डिस्क पुसून लिनक्स टाकलं. गाण्यांची प्रत काकांच्या पुतण्याकडे, त्याच्या जुन्या मॅकवर होती. त्यानं ती झिप करून पाठवली. काकांच्या याद्या मी विंडोजवरूनच जपून ठेवल्या होत्या. सगळं जागेवर ठेवलं, प्लेअर उघडला, गीतरामायण लागलं. काकांचा चेहरा फुलला. मग त्यांनी कीर्तनांची यादी उघडली आणि अकरा नोंदी राखाडी पडलेल्या दिसल्या. फाइल सापडत नाही. फोल्डर उघडून पाहिलं तर अकराही फायली डोळ्यांसमोर, नाव अक्षरन् अक्षर तेच.

तासभर डोकं लावल्यावर ध्यानात आलं की राखाडी पडलेल्या प्रत्येक नावात एक अक्षर समान होतं. ‘नऱ्हे’ मधला ऱ. पु. लं.च्या ‘वाऱ्यावरची वरात’चीही तीच गत होती. ज्या नावांत हा ऱ नव्हता, ती सगळी गाणी सुखरूप होती.

कारण असं. मराठीतला हा आडवा अर्धा र युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त. दोन, साधा ‘र’, त्याखाली नुक्ता आणि मग हलन्त. तीन, साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्हींचं रूप एकच दिसतं, आत संगणकाला तीन वेगळे शब्द दिसतात. काकांनी विंडोजवर पहिल्या तऱ्हेनं टाइप केलं होतं. मॅकची १९९८ पासूनची एचएफएस प्लस ही फाइल-व्यवस्था नावं साठवतानाच अक्षरं सुटी करते, म्हणून पुतण्याकडे गेल्यावर पहिल्याचं दुसरं झालं. २०१७ मध्ये आलेल्या एपीएफएसनं ही सक्तीची मोडतोड थांबवली, पण पुतण्याचा मॅक त्याआधीचा. तिथून लिनक्सवर आल्यावर लिनक्सनं नाव जसं आलं तसंच ठेवलं आणि यादीतल्या नावाशी ते जुळलं नाही. काकांच्या नातीनं फोनवरून नाव टाइप करून टाकलेल्या दोन फायलींत तर तिसरी तऱ्हा निघाली.

पहिल्या दोन तऱ्हा समान मानाव्यात असं युनिकोडचाच नियम सांगतो. प्लेअर लिहिणाऱ्यानं तो पाळला की तेवढं काम भागतं, मग तो जर्मनीत बसलेला असो वा नॉर्वेत. तिसरी मात्र त्या नियमात बसत नाही. ती पहिलीच्या बरोबरीची आहे हे मराठी वाचणाऱ्यालाच माहीत असतं. ज्याच्या भाषेत ऱ्हास, तऱ्हा, किनाऱ्यावर, दुसऱ्या हे शब्द नाहीत, त्याच्या चाचणीत हा दोष कधी दिसणारच नाही. प्लेअर जगभरातल्या सिस्टीमवर नेणारे लोक त्यांचं काम मन लावून करताहेत. हा शेवटचा आटा कापायचा राहिला आहे तो आपल्याकडून.

गाण्याच्या फाइलीत नावं साठवण्याच्या जागेतही हेच. एमपी३ च्या सर्वांत जुन्या टॅगमध्ये शीर्षकाला ३० बाइट असतात. रोमन लिपीची ३० अक्षरं त्यात बसतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला युटीएफ-८ मध्ये ३ बाइट लागतात, म्हणजे चिन्हं फक्त १०. ‘वाऱ्यावरची वरात’ त्यात कोंबलं तर ‘वाऱ्यावरची’ उरतं आणि वरात गळून पडते. नव्या टॅगांत ही मर्यादा नाही, पण जुनी उपकरणं अजून तोच कोपरा वाचतात.

पुण्याला हे काम परकं नाही. भारतीय लिप्यांचे लोहित फॉन्ट रेड हॅटच्या पुण्यातल्या भाषा-अभियंत्यांनी वर्षानुवर्षं सांभाळले. केडीईची भारतातली परिषद २ ते ४ फेब्रुवारी २०२४ ला शिवाजीनगरच्या सीओईपीमध्ये भरली होती. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस, सहा वर्षांच्या खंडानंतर, अमारोकची ३.० ही आवृत्ती आली. ज्या परिवारातून काकांचा संत्र्याचा प्लेअर निघाला, तो परिवार आपल्या दाराशी येऊन गेला आहे.

धायरी, नऱ्हे, वडगाव, आंबेगाव या पट्ट्यात अभियांत्रिकीची किती मुलं खोल्या घेऊन राहतात, हे संध्याकाळी धायरी फाट्यावर उभं राहिलं की दिसतं. शेवटच्या वर्षाला त्यांना प्रकल्प हवा असतो आणि त्यातले बहुतेक प्रकल्प परीक्षा झाल्यावर कपाटात जातात. माझी त्यांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना विनंती आहे. स्ट्रॉबेरी घ्या, अमारोक घ्या, व्हीएलसी घ्या, फोनवरचा कुठलाही मुक्त प्लेअर घ्या. एका सिस्टीमवर यादी करा, दुसरीवर न्या, तिसरीवर उघडा. जिथं मोडेल तिथं नोंद करा, जमलं तर दुरुस्ती लिहून पाठवा. हे कोड उघडे आहेत, कुणाची परवानगी मागावी लागत नाही.

काकांच्या त्या सगळ्या फायलींची नावं मी त्या रात्री हातानं बदलली. प्रत्येक घरी हातानं बदलत बसणं शक्य नाही. शोधाच्या चौकटीत ‘नऱ्हे’ टाका, तिन्ही तऱ्हांनी. तिन्ही वेळा तेच कीर्तन लागलं पाहिजे.