सरासरीपलीकडचे अणुकेंद्रक



अणुकेंद्रकाच्या ‘ऊर्जा-घनता फंक्शनल’ सिद्धांताला आकडे जुळवण्याचा खेळ ठरवणारा लेख वाचला. दहाएक स्थिरांक प्रयोगांवरून बसवतात, एवढेच त्यात खरे. पण प्रत्येक न्यूट्रॉन केवळ बाकीच्या कणांनी मिळून बनवलेल्या सरासरी क्षेत्रात फिरतो, एवढ्यावरच हा सिद्धांत थांबतो, हा आरोप चुकीचा आहे.

कथिल-१२० मधून एक न्यूट्रॉन काढायला सुमारे ९.१ एमईव्ही ऊर्जा लागते. कथिल-११९ मधून जेमतेम ६.५. हा फरक मुख्यतः न्यूट्रॉनच्या जोड्यांचा: पहिल्यात जोडी फोडावी लागते, दुसऱ्यात एकटा उरलेला न्यूट्रॉन निघतो. सांगलीच्या हळद सौद्यातला सरासरी भाव कळला, म्हणून कोणत्या दोन व्यापाऱ्यांचे आपसांत ठरले होते ते कळत नाही. म्हणूनच या सिद्धांतात जोड्यांचा हिशेब वेगळा मांडतात. केंद्रकाचे लांबट आकार आणि कंपने यांचाही. कंपनांचे गणित अजून पुरते सुटलेले नाही, आणि खरे संशोधन तिथेच चालू आहे.

‘हे सारे परदेशातच होते’ हे लेखातले विधान तर बेजबाबदार आहे. तेव्हा मुंबई आयआयटीत असलेले वाय. के. गंभीर यांनी रिंग आणि थिमेट यांच्यासह १९९० मध्ये सापेक्षतावादी सरासरी-क्षेत्रावर लिहिलेला शोधनिबंध या विषयात आजही आधाराला घेतात. लेखकाने तो वाचावा.

— भौतिकशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, कराड (जि. सातारा)