उरलेला सूर

मिरजेच्या रेल्वे स्थानकावर दोन प्रकारचे प्रवासी चटकन ओळखू येतात. एकाच्या हाती क्ष-किरण चित्रांचे मोठे पाकीट असते, तर दुसऱ्याच्या खांद्याला गवसणीतला तंबोरा. पहिला एखाद्या रुग्णालयाची वाट धरतो आणि दुसरा सतारमेकर गल्लीची. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये येथे मिशन रुग्णालय सुरू केले. त्याच्याही आधीपासून या गावात सतारी आणि तंबोरे घडत आहेत. आजार आणि संगीत असे शेजारी शेजारी नांदलेले गाव विरळाच. वडीलधाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या वाचकांना या शेजारातून घेण्यासारखे बरेच आहे.

संगीताच्या इतिहासातील तीन थोर नावे मिरजेशी जोडली गेली, ती आजाराच्या निमित्ताने. नारायण श्रीपाद राजहंस या मुलाच्या कानाला दोष होता. शाहू महाराजांनी त्याला उपचारासाठी मिरजेस पाठविले आणि त्याच सुमारास येथे मुक्कामाला असलेल्या किर्लोस्कर नाटक मंडळीशी त्याची गाठ पडली. १९०५ मध्ये तो त्या मंडळीत दाखल झाला. पुढे सारा महाराष्ट्र त्याला बालगंधर्व म्हणून ओळखू लागला. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची प्लेगची व्याधी येथील मीरासाहेब दर्ग्यात सेवा केल्यावर बरी झाली, अशी आख्यायिका गावात अजूनही सांगतात. तिसरे नाव विष्णु दिगंबर पलुसकर यांचे. वैद्यकाच्या दृष्टीने मला त्यांचीच कथा सर्वांत अर्थपूर्ण वाटते.

पलुसकरांचा जन्म १८७२ चा, जवळच्याच कुरुंदवाडचा. वडील कीर्तनकार होते. दत्तजयंतीच्या उत्सवात चेहऱ्याजवळ फटाका उडाला आणि या मुलाच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. उपचारासाठी त्याला मिरजेस आणले, परंतु दृष्टी पूर्ववत होण्याची आशा नव्हती. मुलाचे शालेय शिक्षण थांबले. तेव्हा मिरजेच्या डॉ. भडभडे यांनी त्याचा गोड गळा हेरला आणि त्याला गाणे शिकवावे असे सुचविले. मिरजेच्या अधिपतींचा आश्रय लाभला आणि ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणाऱ्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्याची तालीम सुरू झाली. त्याच विष्णु दिगंबरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले.

त्या डॉक्टरांपाशी डोळ्यांवर इलाज नव्हता. तरीही रुग्णाची तपासणी त्यांनी तेथे संपविली नाही. काय गेले हे पाहून झाल्यावर काय शाबूत आहे, हेही त्यांनी पाहिले. वृद्धांच्या बाबतीत आपण बहुधा पहिल्याच प्रश्नापाशी अडकतो. किती विसरतात, किती कमी चालतात, किती कमी ऐकतात, याची यादी घरोघरी तयार असते. उरलेल्या गोष्टींची यादी मात्र क्वचितच कोणी केलेली असते.

एका रुग्णाची हकीकत सांगतो. ओळख पटू नये एवढ्यासाठी तपशील बदलले आहेत. या आजोबांचे आयुष्य तंबोरे जुळविण्यात गेले. येथील वाद्यांचे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी ते वाद्यांकडे वळले, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. या कामातील सर्वांत नाजूक भाग जवारीचा. घोडीचा पृष्ठभाग अगदी हलक्या हाताने घासत जायचा, तारेखाली सुताचा धागा पुढेमागे सरकवायचा आणि स्वर भरून येईपर्यंत कान देऊन बसायचे. किती घासले म्हणजे पुरे, हे सांगणारे माप नाही. ते कानानेच ठरते.

आजोबांना अल्झायमरने गाठले. मुलाचे नाव गेले, मग घराची वाट गेली. स्नानाची वेळ म्हणजे रोजचा संघर्ष झाला. ते ओरडत, हात झटकत, आणि सून रडकुंडीला येई. मी तिला विचारले, “यांना काय काय आठवते?” ती म्हणाली, “काहीच नाही हो डॉक्टर.” मग थोडे थांबून म्हणाली, “पण शेजारी कोणी तंबोरा छेडला, तर मान हलवतात. बेसूर असला, तर चिडतात.” आम्हाला धागा सापडला. स्नानापूर्वी दहा मिनिटे तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण हळू आवाजात लावायचे आणि त्यानंतर त्यांच्या तरुणपणीची एक ठुमरी, असे ठरले. दोन आठवड्यांनी आरडाओरडा पुष्कळ कमी झाला होता. मुलाचे नाव त्यांना शेवटपर्यंत आठवले नाही, आजारही पुढे सरकतच राहिला. पण त्या घरातील सकाळ शांत झाली.

असे का घडते? माणसांची नावे, काल काय जेवलो, आज वार कोणता, या नव्या आठवणी साठविणाऱ्या मेंदूच्या भागावर अल्झायमरचा घाला लवकर पडतो. हाताला आणि कानाला जडलेली कौशल्ये बऱ्याच अंशी निराळ्या केंद्रांवर अवलंबून असतात व ती तुलनेने उशिरापर्यंत टिकतात. साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांच्या दरम्यान मनात रुजलेले संगीत विशेष खोलवर बसलेले असते. पक्षाघाताने वाचा गेलेल्या काही रुग्णांना बोलता येत नाही, पण ओळखीच्या आरतीचे शब्द सुरात म्हणता येतात, हे आपल्यापैकी कित्येकांनी पाहिले असेल. कंपवाताच्या काही रुग्णांची पावले ठेक्यावर अधिक मोकळी पडतात. संगीताने आजार बरा होत नाही, आणि चालू औषधे त्याच्या भरवशावर थांबवू नयेत. पण शिल्लक असलेल्या शक्तीपर्यंत पोहोचण्याची ती एक वाट आहे.

ही वाट ज्याची त्याची असते. आमच्या गावात ती उरुसातून जाते. अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये प्रवासात निवर्तले आणि त्यांचे दफन मिरजेच्या दर्ग्याच्या परिसरात झाले. उरुसाच्या काळात तेथील चिंचेच्या झाडाखाली त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर, तसेच गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी अशा थोरांनी तेथे गायन केले. खाली अंथरलेल्या जाजमावर गावातला भाजीविक्रेता, वाद्यांचा कारागीर आणि डॉक्टर शेजारी बसून ऐकतात. नवरात्रात अंबाबाईच्या देवळातही मैफली होतात. येथील ज्येष्ठांच्या कानात या रात्री साठलेल्या आहेत. तुमच्या घरातील ज्येष्ठांच्या कानात कदाचित भजनी मंडळ असेल, तमाशाची ढोलकी असेल, रेडिओवरची गाणी असतील किंवा चर्चमधील समूहगान. बाजारात मिळणारे ‘मनःशांतीचे संगीत’ सर्वांना सरसकट ऐकवण्यात अर्थ नाही.

काही व्यावहारिक सूचना करतो. एका वेळी एकच ध्वनी असावा. दूरदर्शन चालू ठेवून गाणे लावू नये. जाहिराती मध्येच येणार नाहीत अशी सोय करावी, कारण अचानक आलेल्या मोठ्या आवाजाने स्मृतिभ्रंशाचा रुग्ण बिथरतो. वीस-तीस मिनिटे पुरेत. सायंकाळची अस्वस्थता सुरू होण्यापूर्वीची वेळ उत्तम. ऐकताना चेहऱ्याकडे लक्ष ठेवावे. डोळ्यांत पाणी येणे वाईटच असे नाही, पण रुग्ण व्याकूळ झाल्यास गाणे बंद करून जवळ बसावे. शक्य असेल तेव्हा सोबत गावे, निदान टाळी धरावी.

ज्येष्ठांना गाणे नकोसे झाले असेल, तर आधी कान तपासावेत. वयोमानाने प्रथम उंच पट्टीचे ध्वनी कमी ऐकू येतात. स, श, फ यांसारखी व्यंजने निसटतात. म्हणून ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत’ ही तक्रार येते. अशा वेळी ओरडून बोलल्याने फारसा उपयोग होत नाही. समोर बसून सावकाश बोलावे. कधी नुसता मळ साचलेला असतो. तो काडीने वा पिनेने न काढता डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा. श्रवणयंत्र बहुधा बोलणे ऐकण्यासाठी जुळविलेले असते, त्यामुळे त्यातून गाणे कर्कश वाटू शकते. संगीतासाठी वेगळी जुळणी करता येते का, हे श्रवणतज्ज्ञांना अवश्य विचारावे. आणि एका कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर वाट न पाहता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठावे. तेथे उशीर महागात पडतो.

या पंधरवड्यात एक वही घ्या. घरातील आजी-आजोबांना तरुणपणी कोणती गाणी, कोणते गायक, कोणते उत्सव आवडत, ते त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून ठेवा. आज ते सांगू शकतात. पुढे कधी सांगता आले नाही, तर ही वही शुश्रूषा करणाऱ्याच्या हाती असेल. औषधांच्या चिठ्ठ्या जेथे ठेवता, तेथेच ती ठेवा आणि तपासणीला येताना बरोबर आणा.